सुलोचनेची तीन आडनावं

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. वकिलाच्या ऑफिसात दहा-बारा वर्षं कारकुनी करा, एक दिवस लक्षात येतं की पगार कुठे गेला माहीत नाही, पण किस्से तेवढे शिल्लक आहेत. मी मालवणात भाऊ वकिलांकडे कारकून होतो, पन्नास-साठ सालच्या आगेमागे. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी, मुंबईला जायचं ते बोटीने, आणि आमची बरीच माणसं मुंबईच्याही पुढे, आफ्रिकेत. तिकडे जरा बस्तान बसलं की माणूस बायकोला बोलवून घ्यायचा. आणि बायको निघायची म्हटली की आडनावांची भानगड सुरू व्हायची.

हे घाटावरच्या माणसाला कळायला थोडं अवघड. आमच्याकडे माणूस गावात परब असतो. मुंबईला नोकरीला लागला की मस्टरवाला त्याला गाव विचारतो आणि तेच आडनाव म्हणून लिहून टाकतो. सख्खे भाऊ, एक परब, एक देवबागकर, आणि दोघांचंही काही बिघडत नाही. एकदा एका म्हाताऱ्याला मी अर्जासाठी नाव विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "कागद खंय जातलो ता आधी सांग. मगे नाव सांगतंय."

* * *

त्या वर्षी देवबागहून बाबाजी परब आपल्या सुनेला घेऊन आले. सुलोचना तिचं नाव. वीस-एकवीस वर्षांची, हातात कापडी पिशवी, पिशवीत सगळे कागद. तिचा नवरा विठू मोंबासाच्या गोदीत फिटर होता. लग्नानंतर दोन महिने घरी राहून गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. वाडीतल्या बायका आता हळूहळू बोलायला लागल्या होत्या की विठूने तिकडे दुसरं घर केलं असणार. अशात त्याने तिच्यासाठी काढलेलं परमिट आलं. सहा महिन्यांच्या आत बायको पोचली पाहिजे, नाहीतर परमिट रद्द. त्यातले दोन महिने कागद पोचण्यातच गेलेले.

भाऊंनी पिशवी टेबलावर पालथी केली. शाळेच्या दाखल्यावर शेवंती गोविंद गावडे, कारण ते माहेरचं. लग्नपत्रिकेवर सुलोचना विठ्ठल परब, कारण लग्नात ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहिलं ते हे. आणि विठूच्या परमिटावर बायकोचं नाव सुलोचना देवबागकर, कारण त्याचा पासपोर्टच देवबागकर नावाने.

भाऊंनी चष्मा काढून विचारलं, "बाये, आता तूच सांग. तुका खंयचा नाव होया?"

सुलोचना म्हणाली, "खंयचाव घाला वकिलानू. माका नावान हाक मारता कोण?"

* * *

भाऊंनी प्रतिज्ञापत्र केलं. शेवंती गावडे, सुलोचना परब आणि सुलोचना देवबागकर या तिन्ही एकच. ते घेऊन आम्ही पासपोर्टसाठी लागणारा ओळखीचा दाखला घ्यायला सरकारी कचेरीत गेलो. तिथे घाटावरून नवेच बदलून आलेले एक साहेब होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. माणूस सज्जन, पण कागद दोनदा वाचणारा.

त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, नवरा एक, परमिट एक आणि बायका तीन. मी दाखला कोणाला देऊ?"

भाऊ म्हणाले, "समोर उभी आहे तिला द्या."

"तिला देईन. पण ती कोण हे सांगणारा साक्षीदार आणा."

* * *

साक्षीदार म्हणून सासऱ्याइतका जवळचा कोण? बाबाजी शपथेवर उभे राहिले. रावसाहेबांनी पहिलाच सोपा प्रश्न विचारला, "तुमच्या सुनेचं नाव काय?"

बाबाजी विचारात पडले. डोकं खाजवलं. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"सायबानू, नाव चांगला आसा," ते शेवटी म्हणाले. "पण घेवची पाळी कधी इली नाय."

"तीन वर्षं घरात आहे ना? मग हाक कशी मारता?"

"हाक मारूक लागणाच नाय. मी नुसतो खाकारतंय. ती पाण्याचो तांब्यो घेवन येता."

रावसाहेबांनी 'साक्षीदारास सुनेचे नाव आठवत नाही' असं लिहून घेतलं. वर बाबाजींचा अंगठाही घेतला. बाहेर आल्यावर सुलोचनेने सगळे कागद परत पिशवीत भरले. चार महिन्यांतला आणखी एक आठवडा गेला, हे तिला कळत होतं. पिशवी ती छातीशी धरून चालत होती आणि मला खरंच वाईट वाटलं.

* * *

मग आम्ही देवबागच्या पोलीसपाटलांना गाठलं. विठू परब आणि विठ्ठल देवबागकर एकच, एवढं दोन ओळींत लिहून द्यायचं होतं. पाटील स्वतः परब. ते म्हणाले, "आमच्या वाडीत देवबागकर नाय. असत तर मी वळखलो नसतंय?"

मी त्यांच्या मुलाचं विचारलं, "तुमचो झील मुंबयत काय नाव लावता?"

"देवबागकर," पाटील अभिमानाने म्हणाले. "पण ता मुंबयत."

खोटं लिहिल्याचं पाप लागेल अशी त्यांना भीती. शेवटी ते म्हणाले, देवीचा कौल घेऊ. गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे हात जोडून बसलो. घटकाभर काही हललं नाही. सुलोचना डोळे मिटून बसली होती. मग उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार, आणि पाटलांनी तिथेच कागद मागवला.

अडचण एवढीच झाली की त्यांनी प्रामाणिकपणे सगळं लिहिलं. 'विठू परब हाच विठ्ठल देवबागकर, असे गावदेवीने उजवा कौल देऊन कळविले आहे.' खाली सही, शिक्का.

रावसाहेबांनी तो कागदही दोनदा वाचला. मी म्हटलं, आता हे आम्हाला हाकलणार. ते म्हणाले, "देवीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चौकशी तिने केली आणि सही पाटलाची आहे. हे नियमात बसत नाही."

* * *

अडीच महिने उरले तेव्हा आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. भाऊंचेही उपाय संपले होते. रावसाहेब जरा वैतागूनच सुलोचनेला म्हणाले, "बाई, शेवंती हे काय वाईट नाव होतं? बदललं कशाला? सगळा घोळ तिथूनच आहे."

सुलोचना तोवर कचेरीत एक अक्षर बोलली नव्हती. तिने मान वर केली.

"सायबानू, तुमच्यात बदलनत नाय?"

"बदलतात की."

"मगे वयनींचा म्हायारचा नाव काय?"

रावसाहेबांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. त्यांनी टेबलावरचा टाक उचलला, खाली ठेवला, खिडकीकडे बघितलं. आम्ही वाट बघतोय. पट्टेवालाही दारातून आत डोकावून वाट बघतोय. पाचेक मिनिटं तरी गेली असतील. त्यांच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती, हे ते नंतर स्वतःच भाऊंना म्हणाले.

मग त्यांनी सुलोचनेचे कागद पुढे ओढले आणि दाखल्यावर सही केली. या वेळी एकदाच वाचून. आणि आम्ही निघताना पट्टेवाल्याला म्हणाले, "मी जरा घरी जाऊन येतो."

* * *

सुलोचना देवबागकर या नावाने पासपोर्ट झाला. सुलोचना मालवणच्या बंदरातून मुंबईच्या बोटीत बसली, मुंबईहून आफ्रिकेच्या. परमिटाचे तेरा दिवस उरले होते. पुढचं विठूने भाऊंना पत्रातून कळवलं. ते पत्र मी इतक्या वेळा वाचून दाखवलंय की पाठ झालंय.

बोट मोंबासाला लागली. तिथली माणसं उतरवून ती तशीच झांजिबारला जायची होती. गोरा अधिकारी यादी घेऊन डेकवर उभा, एकेक नाव पुकारायचा, तो माणूस पुढे व्हायचा, शिक्का आणि खाली. विठू धक्क्यावर कठड्याला टेकून उभा. तिथून त्याला ती दिसत होती. ट्रंकेवर बसलेली, मांडीवर तीच पिशवी.

अधिकाऱ्याने पुकारलं, "मिसेस देवबागकर."

कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. बाजूच्या गुजराती बाईने इकडेतिकडे बघितलं. सुलोचनाही वळून बघू लागली, कोण ही बाई उठत नाही म्हणून. तिसऱ्यांदा पुकारून त्याने यादीवर फुली मारायला पेन्सिल टेकवली. खलाशी शिडी सोडवायला लागले.

विठूला ओरडायचं होतं. पण चार लोकांत बायकोचं नाव कसं घ्यायचं? आणि घ्यायचं तर कोणतं? तो खाकारला, अगदी बापासारखा.

सुलोचना ट्रंकेवरून ताडकन उठली आणि तांब्या शोधायला लागली.