भावजींनी घातलेलं गाऱ्हाणं

आमचे हे मोरीत घसरले आणि खुबा मोडून बसले, म्हणून परळच्या हॉस्पिटलात माझा मुक्काम पडला. शेजारच्या खाटेवर एक जवान होता. वयाने माझ्या मुलाएवढा, गाव हिमाचलात, पार डोंगरात. सीमेवर गस्त घालताना सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. लष्कराच्या इस्पितळातून त्याला नवा पाय बसवायला इथे धाडलं होतं. जवळ घरचं कुणी नव्हतं, कारण घरी खरं कुणाला माहीतच नव्हतं. आईला त्याने सांगितलं होतं, हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय. तिचा व्हिडिओ कॉल आला की हा चादर कमरेपर्यंत ओढून हसत बसायचा.

मला ते पटत नव्हतं, आणि न पटलेलं गिळून बसणारी मी नव्हे. "आईसे ऐसा छुपाते नहीं रे," माझ्या लालबागच्या हिंदीत मी त्याला झापलं.

"आंटी, नया पैर लग जाए, फिर खड़ा होकर बताऊँगा. वो मुझे पड़ा हुआ क्यों देखे?"

पोराच्या मानाचा प्रश्न होता. मी ह्यांच्या डब्यासोबत त्याचाही डबा आणायला लागले. कुळथाची पिठी त्याला इतकी आवडली की हे रुसले. "हाड माझा मोडला आणि पिठी त्येका?" म्हणाले.

पाय बसवायच्या आदल्या दिवशी माझे थोरले दीर ह्यांना बघायला आले, हातात नारळ घेऊन. भावजी म्हणजे आमच्या चाळीचे गाऱ्हाणं घालणारे. लग्न असो, परीक्षा असो, कुणाचं ऑपरेशन असो, ते नारळ धरून देवाला खणखणीत आवाजात सगळं सांगतात आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. गाऱ्हाण्यात देवापासून काही लपवायचं नसतं, असेल ते उघड बोलायचं. जवानाची हकीकत ऐकून भावजींचे डोळे भरले. त्याच्यासाठीही गाऱ्हाणं घालतो म्हणाले. त्याच्या आईला काही ठाऊक नाही, हे मी त्यांच्या कानात पुन्हा पुन्हा सांगितलं. पण नारळ हातात आला की भावजी माणसांचे राहत नाहीत.

नेमका तेव्हाच तिचा कॉल आला. जवानाने खुशीत फोन आमच्याकडे वळवला. "अम्मा, देखो, ये लोग मेरे लिए प्रार्थना कर रहे हैं." पडद्यावर डोईवर ओढणी घेतलेल्या त्या बाईने हात जोडले. तिला कळावं म्हणून भावजींनी मालवणी सोडली आणि हिंदी धरली.

"बा देवा म्हाराजा! ये लेकरू अपना गाव छोडके इधर पडेला है म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि हे.

"देश के वास्ते इसने अपना पैर दे दिया म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जिभेला सवय. बोलून गेलो आणि मग आम्हाला कळलं काय झालं ते. भावजींचं तोंड उघडंच राहिलं. तो नारळ त्यांच्याच टाळक्यात फोडावा, असं मला वाटलं.

जवानाने फोन चादरीवर पालथा टाकला, तो उचलून मी त्याच्यासमोर धरला. बाई रडत नव्हती. "चादर हटा," ती म्हणाली. त्याने चादर बाजूला केली. तिने नीट बघून घेतलं.

"अम्मा, कल नया पैर..."

तिने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. तिची पहाडी हिंदी मला सगळी कळली नाही, पण राग कळला. तुला फौजेत धाडताना मी रडले होते का, असं ती विचारत होती. तू आईला एवढी कच्ची समजलास? मग म्हणाली, "खड़ा हो जा."

"पैर कल लगेगा, अम्मा."

"दूसरा तो है ना?"

तो भावजींच्या खांद्यावर हात टेकून उठला. घाम फुटला होता, ओठ दाताखाली होता, पण उठला. ती मला म्हणाली, "बहनजी, और पीछे." मी मागे सरत गेले, पार ह्यांच्या खाटेला टेकले, तेव्हा कुठे तो डोक्यापासून खालपर्यंत पडद्यात मावला. पायजम्याची एक बाजू रिकामी लोंबत होती आणि पाठ ताठ होती. तो माझा कुणी नव्हता, तरी माझा ऊर अभिमानाने भरून आला.

त्याची आई मान वळवून अंगणात ओरडली, "अरे, आओ सब! देखो, मेरा बेटा खड़ा है!"

पडद्यावर एकेक करून बायका जमू लागल्या, कुणाच्या पाठीवर गवताचा भारा, कुणाच्या हातात विळा. भावजी हळूच त्याला म्हणाले, "बस आता, बाबा." त्याने मानेनेच नाही म्हटलं. लांबून एक म्हातारी काठी टेकत येताना दिसत होती. ती येऊन बघेपर्यंत तो हलला नाही.