ध्यान मोडलं की बटन

"एकदाही नाही?" माझ्या गाईड सरांनी फोनवर परत विचारलं.

"एकदाही नाही, सर."

"झोपली असेल बाई."

"झोप नव्हती. झोपेच्या लाटा वेगळ्या दिसतात."

"मग हे सिरियस आहे," सर म्हणाले. आवाजात काळजी होती, पण खुशी जरा जास्त होती. मला त्यांचा रागच आला.

मारेगावच्या अलीकडच्या एका गावात, बुद्धविहाराच्या पायरीवर मी बसले होते. रस्त्यापलीकडे जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करण्याचा कारखाना. तिथून रुईचे तंतू उडत यायचे आणि दारातल्या उन्हात तरंगत राहायचे. खाली टेकायची त्यांना घाईच नसायची. मी तासन् तास त्यांच्याकडे बघत बसायची. मेंदूतल्या लक्षावर संशोधन करणाऱ्या माणसाचं स्वतःचं लक्ष ठिकाणावर असतं, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा.

तो बोंडअळीचा हंगाम होता. फवारणी वाढली होती आणि विषबाधेनं माणसं दवाखान्यात पडत होती. फवारणीच्या आसपास राबणाऱ्या बायकांच्या लक्षावर त्याचा काही परिणाम होतो का, हे आम्ही तपासत होतो.

तपासणी सोपी असते. डोक्याला तारांची टोपी घालायची. तारांखाली जेल लावायचं. ही झाली ईईजी. मेंदूतल्या विजेच्या बारीक लाटा ती टिपते. कानात एकसारखे टुं टुं आवाज सोडायचे आणि मध्येच एखादा टीं. टीं ऐकू आला की हातातलं बटन दाबायचं. बस. त्या क्षणी मेंदूत एक उंचवटा उठतो. लक्ष तिकडे गेल्याची ती खूण.

दुसरी गोष्ट कनेक्टिव्हिटी. दोघी बायका ओलं लुगडं दोन टोकांना धरून झटकतात, तेव्हा दोघींचे हात एका तालात वर-खाली होतात. मेंदूचे दोन भाग असे एका तालात हलले, की ते जोडलेले आहेत असं आम्ही म्हणतो.

विहार वस्तीतल्या लोकांनी आपणहून दिला होता. जाड भिंती, थंडगार फरशी, समोर बुद्धाची मूर्ती. पंखा बंद केला की स्वतःचा श्वास ऐकू यावा इतकं शांत. मशीनला हवी तशी जागा. मलाही तिथून उठावंसं वाटत नसे.

सुलोचनाबाईंचं रेकॉर्डिंग आदल्या दिवशी झालं होतं. मागच्या हंगामात त्या फवारणी चालू असलेल्या शेतात चक्कर येऊन पडल्या होत्या. आता जिनिंगमध्ये कापूस वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या राहून कवडी वेचत. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. तो हातानं बाजूला काढायचा. उरलेला कापूस पट्ट्यावरून सरळ मशीनच्या तोंडात जातो. त्यांच्या सुपरवायझरनं सांगून ठेवलं होतं, डोकं तपासल्याचा कागद आण, नाहीतर पट्ट्यापाशी उभं राहायचं नाही. म्हणून बाई आमच्याकडे आल्या होत्या. संशोधनाचं कौतुक वगैरे काही नव्हतं.

आणि त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकही उंचवटा नव्हता. कान शाबूत होते, आवाज आत पोचत होता. पुढे काहीच होत नव्हतं. त्याऐवजी कपाळामागून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत एकच संथ लय पसरली होती. खरं सांगते, इतकं सुंदर रेकॉर्डिंग मी पाहिलं नव्हतं. भर दुपारी गावतळ्याचं पाणी हलतं ना, तसं. मी स्क्रीनपुढे हरवून गेले होते.

"बाकीच्यांचं काय?" सरांनी विचारलं.

"या वस्तीतल्या बऱ्याच जणींनी बटन कमी दाबलंय."

"आणि शाळेत तपासलेल्या दुसऱ्या वस्तीतल्या?"

"त्या नॉर्मल आहेत."

"वंडरफुल! म्हणजे दोन वस्त्यांत फरक आहे. पेपर होतो हा! आणि त्या बाईंना स्पष्ट सांग, मशीनपासून लांब राहा आणि नागपूरला न्यूरॉलॉजिस्टला दाखवा."

मी फोन ठेवला. पेपरमध्ये ते 'वस्ती अ' आणि 'वस्ती ब' असतं. गावात तसं नसतं. कोणती वस्ती कुणाची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. अमक्या वस्तीतल्या बायकांचं डोकं अधू, असं एकदा छापून आलं की ते कोण पुसणार? आणि सुलोचनाबाईंचा पट्टा तर पेपरच्या आधीच सुटणार होता.

सुलोचनाबाई दुपारच्या सुट्टीत आल्या. केसांत रुई अडकलेली.

"जय भीम, मॅडम. झाला का माहा कागद?"

मी त्यांना बसायला सांगितलं. माझी सहायक प्रणाली पाणी घेऊन आली. ती पांढरकवड्याची. तपासणीच्या सूचना तिनंच इथल्या बोलीत रेकॉर्ड केल्या होत्या. माझी पुणेरी मराठी ऐकून बायका नुसत्या हसायच्या.

"बाई, काल आवाज ऐकू आले का?" मी विचारलं.

"आले ना. टुं टुं करून राह्यलं होतं. मंधात टीं करे."

"मग टीं वाजल्यावर बटन काहून नाही दाबलं, मावशी?" प्रणालीनं विचारलं.

"कायले दाबू?" बाईंना प्रश्नच समजेना. "माह्यं ध्यान मोडलंच नाही."

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मग तिनं फोन काढून स्वतःचीच सूचना लावली. 'ताई, डोळे मिटा. ध्यान लावा. आवाज येत राहीन. वेगळ्या आवाजावर ध्यान गेलं का बटन दाबजा.'

"थेच ना," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आवाजावर ध्यान गेलं का दाबाचं. माह्यं गेलंच नाही. दर इतवारी या बायायले मीच तं इथं ध्यानाले बसवतो. सुरुवातीले टीं झालं तं वाटलं, जाते का काय मन तिकडे! पण श्वासावरचं ध्यान सोडलं नाही म्या."

"अवं बाप्पा!" प्रणालीनं कपाळाला हात लावला. तिच्या घरी ध्यान म्हणजे चुलीवरच्या दुधाकडे ठेवायचं ते. शाळेतल्या बायकांनीही तोच अर्थ घेतला होता. इथं, या मूर्तीसमोर, डोळे मिटून ध्यान लावा म्हटल्यावर बायका दुसरं काय करणार? ज्या बाईला आम्ही सर्वांत कमी लक्षाची ठरवलं होतं, ती सगळ्यांची ध्यानाची शिक्षिका निघाली. मला हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. सुटल्यासारखं वाटलं.

"फेल झाली का मी?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाही हो. आमचा प्रश्न चुकला होता."

तिथल्या तिथे पुन्हा टोपी घातली. या वेळी प्रणालीनं सांगितलं, "मावशी, पट्ट्यावर कवडी दिसली का तुमी कशी पटकन उचलता? तसा टीं आला का दाबजा." बाईंनी एकही टीं सोडला नाही. एकेका उंचवट्याचा नुसता डोंगर. मग विहारामागच्या हापशीवर त्या केसांतलं जेल धूत बसल्या आणि मी कागद लिहिला: लक्षाच्या या चाचणीत दोष आढळला नाही. सुपरवायझरनं तो उलटसुलट करून पाहिला आणि ठेवून घेतला. बाई पट्ट्यावर राहिल्या.

वस्तीतल्या सगळ्या बायकांची तपासणी पुन्हा केली. दोन वस्त्यांतला फरक गेला आणि त्याबरोबर सरांचा पेपरही.

"एका शब्दासाठी?" सर म्हणाले.

"सर, उत्तर एकदम वंडरफुल आलं की आधी प्रश्न तपासावा," मी म्हटलं.

सुलोचनाबाईंचं पहिलं रेकॉर्डिंग नियमानं रद्द करावं लागलं. रद्द करायला सॉफ्टवेअर कारण मागतं आणि यादीतलंच निवडू देतं: झोप लागली, हालचाल केली, लक्ष दिलं नाही, इतर. दारातून रुईचा एक तंतू आला, स्क्रीनपुढून तरंगत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले.

मग 'इतर' निवडलं.