निळीचा पाला आणि सुबक अक्षर

शैला मार्चमध्ये गेली. तिचे केस निळे झाले ते त्याआधी, जानेवारीत, आणि ते माझ्यामुळे.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमच्या डोंबिवलीच्या घरात बायकोचे, म्हणजे शैलाचे, केसांसाठीचे पाच डबे होते: शिकेकाई, आवळा, माका, मेंदी आणि निळीचा पाला. सगळ्यांची पूड, आणि एकाही डब्यावर नाव नाही! ती झाकण उघडून हुंगायची आणि हवी ती घ्यायची. निवृत्तीनंतर मला हे बघवेना. एका दुपारी मी सुबक अक्षरात चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. (शिकेकाई आणि आवळा रंगावरून ओळखले. उरलेले तिन्ही हिरवे. तिथे मी अंदाज केला.)

आमच्या मुलीचा, मुग्धाचा, साखरपुडा ठाण्याला होता. नेमकी आदल्या दिवशी शैलाला सर्दी झाली. नाक पार बंद.

"अहो, मेंदी हीच ना?"

"लिहिलंय की त्यावर!"

निळीचा पाला मेंदीवर लावला तर केस काळेभोर होतात. पिकलेल्या केसांवर नुसताच लावला तर काय होतं, ते आम्हाला संध्याकाळी कळलं.

"आई! अगं, मोर दिसतेयस!" मुग्धा किंचाळली.

शैलाने तीनदा शिकेकाईने केस धुतले. रंगाला उलट चकाकी आली!

"अहो, तुम्ही हसताय?"

मी हसत होतो.

दुसऱ्या दिवशी शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तिने डोक्यावरून घेतलेल्या पदराला पिनांवर पिना लावल्या. हॉलमध्ये विहीणबाई भारावल्याच. "अजून डोक्यावरून पदर! काय हो हे संस्कार!" म्हणत त्यांनी पार्लरमधून करून आणलेल्या केसांवर स्वतःही पदर ओढला. मग त्यांच्या दोन्ही जावांनी!

"काकू, पदर जरा मागे घ्या ना," फोटोग्राफर म्हणाला.

"मी जेवणाचं बघून येते," म्हणून शैला उठली. (जेवण केटररचं होतं.) मग कॅमेरा दिसला की ती उठायचीच.

परतताना मी म्हणालो, "अगं, लेकीबरोबर एक तरी फोटो काढायचास."

"लग्नात काढू की. तोवर उतरेल रंग."

रंग उतरला. लग्न मे महिन्यात होतं.

साखरपुड्याच्या अल्बममध्ये मुग्धाच्या शेजारी मी एकटाच उभा आहे. माझं टक्कल प्रत्येक फोटोत स्वच्छ आलं आहे.