बुरशी पोहत नाही

भंडाऱ्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी जंतू वाढवते आणि कोणत्या औषधाने ते मरतात ते पाहते. माझा रिपोर्ट चुकला असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी फणकाऱ्यानेच बोलले. एकोडीच्या एका मावशींच्या डोळ्यात पांढरा डाग होता. मी बुरशी लिहून दिली होती, पण बुरशीच्या औषधाने डाग वाढतच चालला होता. त्यांचा दुसरा डोळा लहानपणीच गेलेला. हाही गेला की संपलंच.

डॉक्टर पुन्हा नमुना काढणार होते, म्हणून मी स्वतः दवाखान्यात गेले. मावशींना विचारलं, झालं कसं?

"धानाचा रोवणा चालू होता. डोळ्यात चिखल उडला, त बांधीच्याच पाण्यानं डोळा धुतला."

"काहून धुतला मावशी त्या घाण पाण्यानं?" मी चिडले. खरं तर मी सिहोऱ्याची. भाताच्या बांधीत उभी राहून मीही तसेच डोळे धुतलेत. तिथे दुसरं पाणी आणायचं कुठून?

परत येताना ते पाणी डोक्यातून जाईना. साचलेल्या पाण्यात राहणारा, हुबेहूब बुरशीसारखा दिसणारा एक जीव असतो, त्याला बुरशीचं औषध लागू पडत नाही, असं आमच्या सरांनी शिकवलं होतं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. नव्या प्लेटवर वाढ झाल्यावर गवताचं उकळलेलं पातं तिच्यावर ठेवलं, मग ते पाण्यात सोडलं. काही तासांनी मायक्रोस्कोपखाली बारीक बीजाणू सुळसुळ पोहताना दिसले. डोळ्यात होणारी बुरशी पोहत नाही. मावशींनी पाण्याचं सांगितलं नसतं, तर मी दुसऱ्यांदाही बुरशीच लिहिलं असतं. त्यांचे उपकार मी आजही मानते.

मग एरवी बॅक्टेरियासाठी वापरतो त्या अँटिबायोटिकच्या डिस्क लावून पाहिल्या. दोन डिस्कभोवती स्वच्छ गोल उमटले, तिथे तो जीव वाढलाच नव्हता. डॉक्टरांना फोन करून आधी चूक कबूल केली आणि मग औषधांची नावं सांगितली.

डाग ओसरायला दोन महिने लागले. नजर जराशी धूसर झाली, पण वाचली. मावशी एकट्याच एसटीने लॅबमध्ये आल्या. मला राहवेना. म्हटलं, "मावशी, पहिला रिपोर्ट मीच चुकीचा दिला होता." आता बोलणी खावी लागणार, असंच वाटलं.

"मालूम आहे. डाक्टरनं सांगतलं, म्हणूनच त आली," त्या म्हणाल्या. "मी चुकली, असं म्हणायले लोकायची जीभ उचलत नाई, पोरी. तुही जीभ उचलली, म्हणून माहा डोळा राहिला."