हसनभाईचे दोन्ही हात

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. गादीखाली प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठतात आणि एक दिवस गादी उचलली की आपणच म्हणतो, अरेच्चा, एवढे!

आम्ही चौघं दोहाच्या एका टेक्निकल कॉलेजच्या बेसबॉल टीमचा कोचिंग स्टाफ होतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून पुढे बरीच वर्षं. हो, बेसबॉल! आणि चौघांतले तिघे मराठी! तेल कंपन्यांच्या कॅम्पांतल्या टीम आम्हाला टरकून असायच्या. कप ठेवायला प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये दुसरं कपाट आणावं लागलं. आता हे सांगितलं तर नातू "रिअली, आजोबा?" म्हणतो आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालतो. "खरंय रे, विचार यांना," असं म्हणायला शेजारी कुणी उरलेलं नाही. वॉल्टरसाहेब अमेरिकेत गेले, तात्या साताऱ्यात गेला आणि हसनभाई दोहाच्याच कबरस्तानात आहे.

तर आधी स्टाफ कसा जमला ते सांगतो.

*

हेड कोच वॉल्टरसाहेब टर्बाइन शिकवायचे. एक दिवस ऑफिसात येऊन त्यांनी विचारलं, "बॅट आणि बॉल कोण कोण खेळलंय?"

मी स्टोअरमधला क्लार्क, चिपळूणचा. क्रिकेट खेळलो होतो, म्हणून हात वर केला. माझ्या शेजारी वर्कशॉपमधला वेल्डर तात्या उभा होता, साताऱ्याकडचा पैलवान गडी. त्यानेही हात वर केला.

मी हळूच विचारलं, "तात्या, तू कधी खेळलास?"

"इटीदांडू हाय की!" तात्या म्हणाला. "हितं इटीला टोक नसतंय, एवढाच फरक!"

साहेबांनी मला स्कोअरर केलं आणि पोरांचा व्यायाम तात्याकडे दिला.

*

हसनभाई कॉलेजची बस चालवायचा. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा माणूस, शांत, पण मिशीतल्या मिशीत हसणारा. टीमला मैदानावर सोडून तो उन्हात बसून राहायचा.

एकदा पाण्याचा टँकर मैदानात रिव्हर्स येत होता. हसनभाई खाली उतरला. हात गोल फिरवला, म्हणजे येऊ दे. मग दोन्ही तळवे वर केले, म्हणजे थांब. टँकर भिंतीपासून वीतभर अंतरावर उभा राहिला.

साहेब बघतच राहिले. "हा माणूस मला तिसऱ्या बेसजवळ पाहिजे!"

बेसबॉलमध्ये तीन बेस, म्हणजे टप्पे, पळून चौथ्या टप्प्यावर, होम प्लेटवर, पोचलं की एक रन. तिसऱ्या बेसकडे पळत येणाऱ्याला मागे वळून बॉल बघायला वेळ नसतो. तसंच पुढे होम प्लेटपर्यंत धावायचं की तिसऱ्यावरच थांबायचं, हे तिथे उभा असलेला कोच हाताने सांगतो. हसनभाईने टँकरचेच हात तिथे वापरले. आम्ही पाच-सहा कप जिंकलो ते त्या टँकरच्या हातांवर!

बसमध्ये पोरं त्याला "यल्ला, ड्रायव्हर!" म्हणजे "चल रे!" म्हणायची. मैदानात तीच पोरं, चांगल्या बड्या घरची, त्याच्या हातांकडे डोळे लावून पळायची. हे सुख त्याला दुसरीकडे कुठे मिळणार होतं? गावाला बायको होती आणि नजमा नावाची मुलगी. तिला त्याने एकदाच पाहिलं होतं, पाळण्यात. दर वर्षी म्हणायचा, "हा सीझन झाला की चाललो. इन्शाल्ला, कायमचा!"

आणि दर वर्षी सीझन संपायच्या आत पुढच्या सीझनचं टाइमटेबल लागायचं.

*

दोहाचा दमट उन्हाळा ज्याने सोसलाय त्यालाच हा किस्सा कळेल. कोच लोकांच्या खुणा ठरलेल्या असतात. टोपीला हात लावला की एक, कानाला लावला की दुसरं, नाकाला लावला की 'पुढचा बेस चोर', म्हणजे बॉल मारायची वाट न बघता पळ.

दुखानच्या कॅम्पाशी मॅच होती. आमचे दोन गडी दोन बेसवर होते. हसनभाईने नाक पुसलं. पुन्हा पुसलं. दोघेही सुसाट सुटले! समोरची टीम एवढी गांगरली की त्यांच्या कॅचरने, म्हणजे बेसबॉलमधल्या विकेटकीपरने, बॉल थेट पार्किंगमध्ये फेकला. दोन्ही गडी होम प्लेटवर आले आणि आम्ही जिंकलो.

साहेब धावत आले. "ग्रेट! पण दोघांना एकदम सोडायचं कसं काय सुचलं?"

हसनभाई म्हणाला, "साहेब, माशी होती."

*

तात्याचाही एक सांगायलाच हवा. आमच्या मैदानात गवत नव्हतं. वाळूवर काळं तेल ओतून रोलर फिरवलेला, त्यामुळे घसरला तो काळा झालाच. पण त्या दिवशी बॉल तेलकट निघाला तो मैदानामुळे नाही.

झालं होतं असं, की आमच्या पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पोराचा खांदा धरला होता. तात्याने तालमीतल्यासारखी त्याच्या हाताला तिळाच्या तेलाची मालिश केली, पार बोटांपर्यंत. मग बॉल असा सटकायला लागला की समोरचे बॅट्समन जीव मुठीत धरून उभे! अंपायरने बॉल हातात घेतला, वास घेतला आणि तो भडकलाच. बॉलला काहीही लावणं हा बेसबॉलमध्ये मोठा गुन्हा.

"काय लावलंय याला?"

तात्या छाती काढून पुढे आला. "ताकद!"

तात्याला मॅचभर बसमध्ये बसवून ठेवलं. तिथूनही तो ओरडतच होता.

*

रमजानमध्ये मॅच दुपार कलल्यावर सुरू व्हायची. एकदा सूर्य बुडायला आला होता आणि सलीम, आमचा सगळ्यात वेगवान गडी, तिसऱ्या बेसकडे पळत होता. हसनभाईने दोन्ही तळवे वर केले. थांब. सलीम बेसवर थांबला आणि तेवढ्यात इफ्तारची तोफ झाली!

अंपायरचाही रोजा होता. तो मॅच थांबवल्याचं सांगायला विसरला आणि सरळ खजुराच्या ताटाकडे चालू लागला. त्याच्यामागे दोन्ही टीम. हसनभाईसुद्धा. अर्ध्या वाटेत त्याने वळून पाहिलं तर सलीम एक पाय बेसवर ठेवून तसाच उभा!

"अरे, ये ना!"

"तुम्ही थांब म्हणालात," सलीम म्हणाला. "जा कुठे म्हणालात?"

हसनभाईने ओंजळभर खजूर आणि पाणी घेतलं आणि तो परत गेला. दोघांनी तिसऱ्या बेसवर बसून रोजा सोडला. आम्ही हसत होतो. हसनभाई मात्र हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं.

*

दोहाच्या अल नस्र भागातल्या आमच्या खोलीत एक टेपरेकॉर्डर होता. त्या काळी घरी कॅसेट भरून पाठवायची पद्धत होती. हसनभाईला सीझनमध्ये वेळ नसायचा, म्हणून त्याने एक कॅसेट मैदानातच भरली. "सगळी खुशाल आहात ना... गो! गो! गो!... आंब्याची कलमं... थांब! थांब रे!... अम्मीची तब्येत..." अशी!

दोन महिन्यांनी घरून कॅसेट आली. आम्ही सगळे ऐकायला बसलो. बायकोचा आवाज आला, "नजमा रोज तुमची कॅसेट लावते. विचारते, अब्बा कोणाला सारखं पळायला सांगतात?"

मग बारीक आवाज आला, "अब्बा, तुम्ही कधी पळत येणार?"

तात्याने टेप बंद केला. हसनभाई म्हणाला, "बहरीनचा कप झाला की. खलास. आता नाही थांबत."

*

बहरीनच्या टीमशी फायनल होती. शेवटचा डाव, आम्ही एकाच रनने मागे. सलीम तिसऱ्या बेसकडे आला. हसनभाईने दोन्ही तळवे वर केले. त्या दिवशी सलीमला काय झालं कोण जाणे, तो थांबलाच नाही. होम प्लेटच्या हातभर अलीकडे आउट! कप गेला.

पोरं बसमध्ये बसली होती, बस अजून सुटायची होती. सलीम हुंदके देत होता. हसनभाई त्याच्याजवळ जाऊन बसला. "बेटा, तुला नुसती प्लेट दिसते. मागून येणारा बॉल मला दिसतो. म्हणून तर मला तिथे उभा केलाय ना? हात वर दिसले की थांबायचं. मग कोणी काही म्हणो."

खोलीवर आल्यावर मी विचारलं, "मग? तिकीट काढायचं ना?"

"हरून कसा जाऊ रे?" तो म्हणाला. "एक सीझन अजून."

*

तो सीझन आम्ही जिंकलो आणि हसनभाईने खरोखरच राजीनामा दिला. साहेबांनी स्वतःची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. तात्या म्हणाला, "भाई, आता गावात यष्टीला रिव्हर्स दावा!" आणि मागं वळून डोळे पुसले.

पुढे दोन-तीन महिन्यांनी मी रजेवर आलो, तेव्हा तरीच्या होडीतून खाडी ओलांडून त्याच्या घरी गेलो. अंगणात चार करवंट्या मांडल्या होत्या. नजमा, सहा-सात वर्षांची पोर, एका करवंटीवरून दुसरीकडे पळत होती आणि हसनभाई डोक्यावर साहेबांची टोपी घालून तिसऱ्या करवंटीजवळ उभा होता!

त्याची बायको म्हणाली, "आले तेव्हा पोर यांच्याजवळ जाईना. दाराआडून बघायची नुसती. हा खेळ सुरू केला तेव्हा जवळ आली."

नजमा मोठी हुशार. मला सगळ्या खुणा करून दाखवल्या. टोपी, कान, नाक. मी म्हटलं, "आणि थांबायची?" तिने पाय फाकवले, मान ताठ केली आणि दोन्ही तळवे वर धरले. हुबेहूब बाप!

हसनभाईने खिशातून साहेबांची तार काढली. नवा माणूस पोरांना नुसता पळवतोय, थांबवत नाही, ये, असा मजकूर. "व्हिसा पण पाठवलाय," तो खाली बघत म्हणाला. "साहेबांचं मन मोडवत नाही. एकच सीझन."

बायको आत गेली.

माझी रजा संपली त्याच दिवशी तोही निघाला. तिठ्यावर आम्ही मुंबईची एसटी धरली. बायको आली नव्हती, म्हातारी अम्मी नजमाला घेऊन आली होती. पोर रडली नाही, काही मागितलं नाही. हसनभाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बॅग वर चढवली आणि पायरीवर पाय ठेवून मागे पाहिलं.

नजमा आजीचा हात सोडून रस्त्याच्या कडेला उभी होती. पाय फाकवलेले, मान ताठ आणि दोन्ही तळवे वर.

हसनभाई पायरीवरच खिळला. कंडक्टर म्हणाला, "भाई, आत व्हा नाहीतर उतरा. काय ते एक करा!"

हसनभाईने टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो माझ्या शेजारी येऊन बसला. कंडक्टरने डबल बेल दिली. मी मागच्या काचेतून बघत होतो, तो पुढे बघत होता. गाडी वळणावर येईपर्यंत मला ती दिसत होती. हात तिने खाली केले नव्हते.