तीन गाड्यांतला दुसरा नंबर

माझा असोद्याचा मामेभाऊ मातीच्या ट्रॅकवर जुन्या मोटारी पळवायचा आणि स्वतःला रेसर म्हणवून घ्यायचा. सात वर्षं मी त्याचा मेकॅनिक होतो, म्हणजे त्या खुळेपणात अर्धा वाटा माझाही होता.

गाडीच्या सीटा काढून आम्ही आत पाइपांचा सांगाडा वेल्ड केला होता. दारावर त्याने स्वतःचा हसरा फोटो चिकटवला होता. "आत कोण बसलंय ते लोकायले कळलं पाहिजे," म्हणायचा. धुळीत लोकांना गाडीचा रंगसुद्धा दिसायचा नाही.

अमळनेरला एकदा त्याचा दुसरा नंबर आला. गाड्या तीन होत्या, त्यातली एक सुरूच झाली नाही. तरी गावात बॅनर लागला, 'खान्देशचा वेगसम्राट'. ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. हार घालून मीही वर उभा होतो, आणि फोटोत त्याच्यापेक्षा मीच जास्त हसतोय.

शेवटची शर्यत साक्रीजवळ झाली. कुठल्याशा पुढाऱ्याचा वाढदिवस होता. कापूस काढलेल्या रानात ट्रॅक आखला होता, आणि माणसं अडवायला एक सुतळी. पाहुणे दोन तास उशिरा आले, तोवर सगळी गर्दी सुतळीच्या आत येऊन उभी राहिली. मी आयोजकाला म्हणालो, "भाऊ, आधी लोकांना मागे घ्या." तो म्हणाला, "पब्लिक नसेल तर शर्यत कशाला?"

तिसऱ्या फेरीत भाऊ सगळ्यांच्या पुढे होता. सात वर्षांत पहिल्यांदाच. वळणावर एक जण मोबाईल धरून थेट ट्रॅकच्या मध्ये आला. भावाने स्टिअरिंग बांधाकडे फिरवलं. गाडी दोन कोलांट्या खाऊन उलटी पडली.

मी धावलो. माझ्या आधी पन्नास मोबाईल पोचले होते. खिडकीतून त्याला ओढताना खांद्याचं हाड मोडल्याचं हातालाच कळलं. त्याने एवढंच विचारलं, "त्याले लागलं का?"

लागलं नव्हतं. तो शेजारीच उभा होता, कपाळाला हात लावून. मला म्हणाला, "भाऊ, बठ्ठा व्हिडिओ खराब व्हई गया!"

माइकवरून आयोजक ओरडत होता, "गाडी बाजूला करा, पाहुणे खोळंबलेत." अँब्युलन्स नव्हती. केळीच्या पिकअपमध्ये त्याला आडवा करून मी धुळ्याला नेलं. वाटेत एकदाही त्याने गाडीची चौकशी केली नाही. इतकी वर्षं मी त्याला फक्त दिखाऊ समजत होतो, याची त्या प्रवासात मला लाज वाटली.

ती लाज वर्षभर टिकली. पुढाऱ्याच्या पुढच्या वाढदिवसाच्या बॅनरवर त्याच उलट्या गाडीचा फोटो होता, खाली 'थरार पुन्हा एकदा'. आयोजकांनी भावाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. मला वाटलं, तो त्यांना दारातूनच हाकलेल. तो कोट शिवायला टाकून आला.

"अरे, त्यांनी तुला मरायला टाकलं होतं," मी म्हणालो.

"पण बोलावलं ना मले," तो म्हणाला, "स्टेजवर बसायले."

खांदा अजून पुरता वर जात नव्हता, म्हणून डाव्या हाताने हिरवा झेंडा दाखवून आला. भाषणही केलं म्हणे. मी गेलो नाही. गॅरेजमध्ये बसून त्याच्या गाडीतला पाइपांचा सांगाडा कापला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला.