पार्किंगमधली शेगडी

ओमानमध्ये वीस वर्षं काढून मी वसईला परतलो तेव्हा लोकांनी मला तिथल्या सोन्याचा भाव विचारला, उन्हाळा किती कडक असतो ते विचारलं. फुटबॉलच्या मॅचआधीची पार्टी कुठल्या शहरात चांगली जमते, हे मात्र कुणी विचारलं नाही. आणि मला नीट माहीत असलेली तेवढीच एक गोष्ट आहे. बाकी वीस वर्षं मी एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये तांदळाच्या गोण्या मोजत होतो.

नव्वदच्या दशकात मस्कतमधल्या दार्सैतला एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. मी कारकून. तो रत्नागिरीकडचा, एका भाजीच्या व्यापाऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर. मी ख्रिस्ती, तो मुसलमान. पटलं ते फुटबॉलमुळे आणि त्याहून जास्त खाण्यामुळे. त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, दिलदार होता, शुक्रवारी पिकअप न्यायला द्यायचा. मागे कोळशाची शेगडी, एक चटई आणि रात्रभर मसाल्यात मुरवलेलं मटण टाकून आम्ही मॅच असेल त्या गावी निघायचो. स्टेडियमबाहेर शेगडी पेटवून तो मटणाचे तुकडे सळईवर भाजायचा. ओमानी लोक त्याला मिशकाक म्हणतात. शेगडी त्याची होती आणि तिचा नियम त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता. "हिच्यावर हलालच. तुला दुसरं काय खायचं ते तू तुझ्या तव्यावर खा." तो नियम मी बारा-तेरा वर्षं पाळला. मला तो कधी जड गेला नाही.

आता शहरांचं सांगतो. सोहारला मासळी ताजी, त्यामुळे तिथे मटणाबरोबर सुरमईही शेगडीवर चढायची. पण तिथले लोक मॅचच्या काळजीनं इतके गंभीर व्हायचे की बाराव्याला आल्यासारखं वाटायचं. निझ्वाला हलवा उत्तम आणि गप्पा कमी. सूरला वारा असा सुटायचा की निखारे सांभाळता सांभाळता नाकी नऊ यायचे, पण माणसं म्हणाल तर सूरची. चटई अंथरायचा अवकाश, शेजारचे म्हातारे काहवा, म्हणजे त्यांची कॉफी, आणि खजूर घेऊन यायचे, एकाच मोठ्या ताटात आम्हाला हात घालायला लावायचे आणि तुम्ही कुणाच्या बाजूचे हे शेवटपर्यंत विचारायचे नाहीत. सलालाला एकदाच गेलो, पावसाळी धुक्यात. कोळसा पेटेना, म्हणून खुबूसची कोरडी रोटी चावत बसलो आणि तरी पोट दुखेपर्यंत हसलो. मस्कतचा नंबर शेवटचा. स्टेडियम सगळ्यात मोठं, पण जो तो आपापल्या गाडीच्या काचा वर करून बसलेला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

माझं जे वाटोळं झालं तेही मस्कतलाच झालं. दोन हजार सालानंतर मला बढती मिळाली, बायको आली, अल् घुब्राला भाड्यानं फ्लॅट घेतला. तो दार्सैतच्या त्याच खोलीत राहिला. आमच्या फेऱ्या कमी झाल्या. मग आखाती देशांची मोठी स्पर्धा मस्कतला आली आणि आमच्या मॅनेजरनं फर्मान काढलं की मॅचआधी स्टाफची पार्टी पार्किंगमध्ये व्हायची. मॅनेजर मुंबईचा, माझ्याच चर्चला येणारा. मला स्टोअरचं मुख्यपद हवं होतं आणि ते त्याच्या हातात होतं. मी मोठेपणानं सांगून बसलो, मिशकाक करणारा माझा माणूस आहे. माझा माणूस! मित्र म्हणायला जीभ वळली नाही.

तो सुट्टी टाकून आला. दुपारपासून राबला. सूर्य मावळताना म्हणाला, "नमाज पढून येतो, निखाऱ्यांकडं बघ." तो दिसेनासा झाला तसा मॅनेजरनं गाडीतून डुकराच्या मांसाचे सॉसेज काढले. एका सुपरमार्केटच्या वेगळ्या खोलीत ते आम्हा बिगरमुसलमानांना मिळायचे. "पटकन भाजून घेऊ, त्याला काय कळतंय," म्हणाला आणि सरळ जाळीवर मांडले. मी अगदी शेजारी उभा होतो. सर, ही शेगडी तशी नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी चिमटा उचलला. ते उलटवलेसुद्धा मीच, करपायला नकोत म्हणून.

तो परतला तेव्हा सॉसेज संपले होते. जाळी मी कागदानं पुसली होती. त्यानं नाक जरा फेंदारलं, जाळीकडे बघितलं आणि मला विचारलं, "हिच्यावर आपलंच भाजलंय ना?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "हो रे, दुसरं काय असणार?"

त्यानं सळया चढवल्या. सगळ्यांना वाढलं आणि मग स्वतः माझ्या शेजारी चटईवर बसून खाल्लं. चांगला तुकडा निघाला की तो माझ्या बाजूला सरकवायचा, नेहमीसारखा. मी तो खाल्ला. त्या दिवशी कोण जिंकलं ते मला आठवतं, पण सांगायची इच्छा नाही.

मुख्यपद मला मिळालं. दीड महिन्यानं तो हॉटेलवर भाजी उतरवायला आला, तेव्हा मॅनेजरनंच हसत हसत त्याला सगळं सांगितलं. गंमत म्हणून. त्याच संध्याकाळी तो घुब्राला माझ्या दारात उभा राहिला. बायको म्हणाली, "भाईजान, आत या, चहा ठेवते." तो आत आला नाही. मी घाईघाईनं सुरुवात केली. साहेबाला कसं अडवणार, नोकरीचा प्रश्न होता, मी जाळी पुसली होती. हो, तेही सांगितलं, जाळी पुसल्याचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"साहेबानं केलं त्याचं मला काय नाही," तो म्हणाला. "नकळत पोटात गेलं, त्याचा गुनाह पण माझ्यावर नाही. पण मी तुला विचारलं होतं."